९ मिमीची शेवटची डाय

इथे टेक्सासमध्ये परवा रेंजवर एका मित्राचं पिस्तूल सारखं अडत होतं. काडतुसं घरी भरलेली. तो पावडरला दोष देत होता, मला संशय क्रिम्प डायचा.

गोळी बसावी म्हणून पुंगळीचं तोंड आधी किंचित फाकवतात. क्रिम्प डायने ते पुन्हा सरळ करायचं, एवढंच! ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावरच टेकतं, म्हणून रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशलसारखी कड आत वळवू नका.

तोंडाशी व्यास ०.३८० इंचापेक्षा जास्त नको. डाय थोडी थोडीच फिरवा, दर वेळी कॅलिपर लावा.

मग रिकाम्या पिस्तुलाची नळी सुटी करून काडतूस आत सोडा. टप्पकन बसलं, बोटाने सहज फिरलं की झालं. (माझा भरवसा कॅलिपरपेक्षा यावरच.)

तुमचं कुठे अडतंय? विचारा.