तिथीवर चालणारा रंगमंच
नांदगाव : मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील नांदगाव स्थानकावर एके काळी वेरूळची लेणी पाहण्यासाठी परदेशी पाहुणे उतरत असत. मनमाडहून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणारा लोहमार्ग तेव्हा झालेला नव्हता. इंग्रजी प्रवासपुस्तकांत वेरूळसाठीचे स्थानक म्हणून नांदगावचाच उल्लेख असे आणि पुढची मजल टांग्याने मारावी लागे. तो मार्ग झाला आणि लेण्यांचा प्रवासी मनमाडलाच वळू लागला. मात्र दगडातील शिल्पांऐवजी जिवंत गाणे, नाच आणि नाट्य पाहण्याची हौस असलेल्या प्रवाशाला हे गाव आजही सोयीचे आहे. अडचण एकच, या परिसरातील रंगमंचाचे वेळापत्रक कोठेही छापलेले नसते. ते तिथीवर चालते.

नांदगाव तालुका तीन मुलखांच्या सीमेवर वसला आहे. पूर्वेस चाळीसगावपासून खानदेश सुरू होतो, दक्षिणेस कन्नड-वैजापूरकडे मराठवाडा लागतो आणि पश्चिमेस येवला-चांदवड हा नाशिककडचा भाग. नाशिकला महाकवी कालिदास कलामंदिर आहे; तेथील नाटकांच्या जाहिराती वृत्तपत्रांत येतात, तिकीट काढून बसता येते. खेड्यांत मात्र यात्रा हाच प्रयोग. मालेगावजवळच्या चंदनपुरीला पौष पौर्णिमेपासून खंडोबाची यात्रा भरते. सप्तशृंगी गडाचा चैत्रोत्सव रामनवमी ते चैत्र पौर्णिमा चालतो आणि त्यासाठी खानदेशातील भाविक पायी निघतात. तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीची. घोड्यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. इंग्रजी तारखेने पाहिले तर या यात्रा दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. तेव्हा रजेचा अर्ज देण्यापूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरातील तिथी पाहणे इष्ट.

यात्रेतील मुख्य आकर्षण अर्थातच तमाशा. ढोलकी फडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो व वैशाखात संपतो. फड दोन प्रकारे खेळ करतो. एक तिकिटावरचा : कनात लावून, दारावर तिकीट फाडून. दुसरा सुपारीचा : गावची यात्रा समिती ठरावीक रक्कम देते आणि खेळ सर्वांना मोकळा असतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे जाऊन सुपारी ठरवतात. कोणता फड कोणत्या गावी, हे तेथे निश्चित होते. परक्या प्रवाशाला ते आठवडे बाजारातील चहाच्या टपरीवर विचारावे लागते आणि बहुधा तेथे अचूक उत्तरही मिळते.

खेळाचा क्रम ठरलेला. ढोलकी-हलगीची सलामी, मग गणेशाचे स्तवन म्हणजे गण. पुढे गौळण, तीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण व त्याचा पेंद्या. नंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे कथानक असलेले पूर्ण नाट्य. राजा-प्रधानाच्या गोष्टीपासून सामाजिक प्रश्नांपर्यंत काहीही त्यात येते. फडाची खरी ताकद येथे दिसते, कारण सोंगाड्या संहितेत नसलेले संवाद जागच्या जागी रचतो आणि त्या गावातील त्या दिवसाची घडामोडही त्यात ओवतो. असा वग दुसऱ्या गावी पुन्हा तसाच दिसत नाही.

दुर्दैवाने आज सर्वाधिक कात्री लागते ती वगालाच. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. प्रत्येक गावची यात्रा त्या पंधरा दिवसांत बसणे शक्य नाही. पूर्वी पहाटेपर्यंत रंगणारा खेळ आता दोन-तीन तासांत आटोपावा लागतो. त्यात तरुण प्रेक्षकांची मागणी चित्रपटगीतांवरील नाचाची. परिणामी गण-गौळण नावापुरती उरते आणि वग सुरू होण्याआधीच निम्मी कनात रिकामी झालेली असते. नियम चुकीचा नाही. यात्रेच्या गावातही आजारी माणसे आणि परीक्षेची मुले असतातच. परंतु त्याची किंमत फडाने मोजली, हेही खरे.

यावर जुन्या प्रथेतच एक वाट आहे. अनेक गावांत रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी फड देवापुढे 'हजेरी' देतो. ही हजेरी दिवसाउजेडी होत असल्याने रात्रीच्या बंधनाचा प्रश्न येत नाही. रात्रीची गर्दी टाळू इच्छिणाऱ्या महिला प्रवाशांनाही ती सोयीची.

तिकिटाचा खेळ असेल तर तिकीट काढूनच आत जावे, कारण गल्ल्यावर शंभरावर माणसांच्या मोठ्या फडाचे पोट असते. मोबाईलवर दोन लावण्या टिपून उठणारा प्रेक्षक फडाच्या उपयोगाचा नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता, तरी त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. राज्य शासनाने २००६ पासून त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. करोनामुळे २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन वर्षी यात्रांचे ऐन हंगाम बुडाले, तेव्हा कलावंतांवर मजुरीची वेळ आली.

एप्रिलमध्ये येणाऱ्याने शेजारच्या मनमाडकडे दुर्लक्ष करू नये. १९३८ च्या फेब्रुवारीत रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण येथेच झाले होते. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात. या परंपरेतील थोर कवी-गायक वामनदादा कर्डक (१९२२-२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे, म्हणजे याच जिल्ह्याचे.

सवड अधिक असेल तर पश्चिमेकडील डोंगराळ तालुके गाठावेत. त्र्यंबकेश्वर-पेठकडे व लगतच्या मोखाडा-जव्हार भागात होळीनंतर बोहाडा रंगतो. संबळ-पिपाणीच्या तालावर मुखवटे घातलेली देवादिकांची व राक्षसांची सोंगे मशालींच्या उजेडात नाचत येतात. पाहुण्यांचे तेथे स्वागत असते. कळवण, सुरगाणा, बागलाण भागातील मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाची गोष्ट मात्र वेगळी. पावरीच्या सुरावर रात्रभर फेर धरला जातो खरा, पण ते व्रत आहे, खेळ नव्हे. त्यात बसलेली माणसे नियम पाळत असतात. गावातील जाणत्या माणसाला विचारावे, पादत्राणे दूर काढावीत आणि त्याने होकार देईपर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.