दोन रात्री मित्राकडे, तीन दिवस मुंबईत: दुकानदार जोडप्याच्या सुट्टीचा हिशोब

गल्ल्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा, हे मी व्हिडिओत नेहमी सांगतो. आज विषय वेळेचा. दुकान नवरा-बायको मिळून चालवतात, पण दोघांनी एकत्र बाहेरगावी जायचं म्हटलं की कारण एकच लागतं, लग्न नाहीतर मयत. मुंबईची खरेदी निघाली तर एक जातो आणि दुसरा काउंटर सांभाळतो. अशी वर्षं निघून जातात. मग घरात दोघांमध्ये बोलायला उधारी आणि स्टॉक सोडून विषयच उरत नाही.

म्हणून हा प्लॅन. पाठीवर एकेक सॅक, खरेदीची यादी नाही, मुंबईत जुन्या मित्राच्या घरी दोन रात्री. हा खर्च तुमच्या धंद्याला झेपतो का, ते आधी आकड्यांत बघू.

दुकान बंद ठेवणं परवडतं का?

समजा तुमची रोजची विक्री 5,000 रुपये आहे आणि त्यात नफा 20 टक्के. दुकान तीन दिवस बंद राहिलं की आपण म्हणतो, "पंधरा हजार बुडाले!" तसं नाही. माल शेल्फवरच आहे, बुडाला तो फक्त नफा, म्हणजे दिवसाला 1,000 आणि तीन दिवसांचे 3,000. त्यातही तुमचे नेहमीचे काही गिऱ्हाईक आदल्या दिवशी किंवा परत आल्यावर येतीलच, फक्त बोर्डावर परत येण्याची तारीख लिहून ठेवा.

मुंबईत साधं हॉटेल 2,000 रुपये रात्र धरा. दोन रात्रींचे 4,000. म्हणजे ही सुट्टी 7,000 ला पडली, गाडीभाडं आणि खाणंपिणं वेगळं. मित्राकडे राहिलात आणि त्याच्या घरासाठी 1,500 खर्च केले, तर तीच सुट्टी 4,500 ला पडते. वर्षात 300 दिवस दुकान उघडं असेल तर रोजचे 15 रुपये. गल्ल्याशेजारी एक डबा ठेवा आणि रात्री हिशोब करताना त्यात 15 रुपये टाका. एवढंच!

हे जमतं याचं मोठं उदाहरण कोचीचं. के. आर. विजयन आणि मोहना हे जोडपं तिथे छोटं चहाचं दुकान चालवायचं. रोजच्या गल्ल्यातून 300 रुपये बाजूला काढायचे, कमी पडले तर कर्ज घ्यायचं, फिरून आल्यावर ते फेडायचं आणि मग पुढच्या देशाची तयारी. अशा पद्धतीने त्यांनी 26 देश बघितले. 2021 मध्ये विजयन गेले, त्याच्या थोडं आधी दोघं रशियाला जाऊन आले होते. आपल्याला तर फक्त मुंबई गाठायची आहे.

दिवस कोणते निवडायचे?

शेगावात गुरुवारी दुकान बंद ठेवणं म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवणं. शनिवार-रविवारही गर्दीचे. एकादशी, प्रगट दिन, रामनवमी, ऋषिपंचमी हे दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करून टाका. उरतात साधे सोमवार, मंगळवार, बुधवार.

रविवारी रात्री दुकान बंद करून विदर्भ एक्स्प्रेस पकडायची. साडेपाचशे किलोमीटर झोपेत पार होतात आणि सकाळी तुम्ही मुंबईत. मित्र डोंबिवली-अंबरनाथकडे राहत असेल तर कल्याणलाच उतरा. बुधवारी संध्याकाळी परतीची गाडी धरली की गुरुवारी दर्शनाच्या गर्दीला शटर उघडं!

एक लक्षात ठेवा. दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, त्यामुळे दादर मंगळवारी करा.

मित्राचं घर म्हणजे लॉज नाही

मुंबईत वन बीएचकेत चार माणसं असतात, एकच बाथरूम असतं आणि नळाला पाण्याची वेळ ठरलेली असते. तुमची सुट्टी असते, त्यांचा कामाचा दिवस. म्हणून काही गोष्टी पाळा.

- निदान पंधरा दिवस आधी फोन करा. "आम्ही येतोय" असं कळवू नका, "सोमवार-मंगळवार जमेल का?" असं विचारा. वहिनींनाही वेगळं विचारा, कारण जास्तीचं काम बहुतेक त्यांच्याच अंगावर पडतं. त्यांचा आवाज अडखळला तर तारीख बदला, वाईट वाटून घेऊ नका.
- सकाळी बाथरूम आधी त्यांचं. डबे भरून लोक ऑफिसला निघेपर्यंत तुम्ही चहा पीत बसा. तसंही आठ ते दहा या वेळात सॅक घेऊन लोकलमध्ये चढणं म्हणजे शिक्षाच.
- जाताना कचोरी आणि महाराजांचा प्रसाद न्यालच. त्याशिवाय एका रात्रीचं जेवण तुम्ही करा, नाहीतर सगळ्यांना बाहेर न्या. विदर्भातलं पिठलं-भाकरी आणि ठेचा मुंबईत कुणीही नाही म्हणणार नाही.
- त्यांच्या घरात काहीही विकायचं नाही. ना तुमचा माल, ना पॉलिसी, ना कुठली स्कीम. "तेवढं तिथून पार्सल उचलून पाठव ना" हेही नको. मैत्री हे भांडवल आहे, ते फुटकळ कामात खर्च करू नका.
- आणि परतफेड शेगावात करा. ते दर्शनाला आले की घर उघडं ठेवा.

दिवसा घर रिकामं असतं, तुम्ही दोघं मोकळे. क्रॉफर्ड मार्केट बघा, 1869 पासून उभं आहे. शेजारच्या मंगलदास मार्केटमध्ये कापडवाला गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते उभं राहून ऐका. भुलेश्वरच्या गल्ल्या फिरा. पण डायरी काढू नका. भूक लागली की खा, पाय दुखले की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा आणि संध्याकाळी मित्र परतायच्या वेळेला घरी पोचा.

रात्रीच्या गप्पांतलं सोनं

आता धंद्याचं बोलतो. 1972 मध्ये टोनी आणि मॉरिन व्हीलर हे नवं लग्न झालेलं जोडपं लंडनहून जुन्या गाडीत निघालं. अफगाणिस्तानात गाडी विकली आणि पुढे बस, ट्रेन, बोट असं करत आशिया पार करून सिडनी गाठली. तेव्हा खिशात उरले होते 27 सेंट. तिथे जो भेटेल तो विचारायचा, "एवढ्या कमी पैशात कसे आलात? कुठे थांबलात?" तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय म्हटल्यावर 1973 मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली. त्यातून लोनली प्लॅनेट उभी राहिली. 2007 मध्ये बीबीसीने तिचा 75 टक्के हिस्सा विकत घेतला.

ते मार्केट सर्व्हे करायला निघाले नव्हते. फक्त लोकांचा प्रश्न त्यांनी नीट ऐकला.

आता मित्राच्या हॉलमध्ये रात्री काय होतं बघा. तुम्ही शेगावचे म्हटल्यावर शेजारच्या काकू येतात. "आईला दर्शनाला आणायचंय, गुडघे दुखतात तिचे, रांगेत किती उभं राहावं लागतं?" "लहान मुलाला तिथे साधा वरणभात कुठे मिळेल?" "गाडी पहाटे पोचते, तेवढा वेळ बसायचं कुठे?" आपण गावकरी म्हणून उत्तर देतो आणि विसरून जातो. पण शेगावच्या दुकानदारासाठी तेच गिऱ्हाईक आहे. दुकानात आलं की ते घाईत असतं, वस्तू मागतं आणि जातं. त्याची खरी अडचण तुम्हाला त्याच्या घरीच, निवांत बसल्यावर कळते.

तुम्ही प्रश्न विचारायला जाऊ नका, ते आपोआप येतात. परतीच्या गाडीत दोघांनी आठवून लिहून काढा आणि जो प्रश्न दोन-तीन वेळा आला त्याच्याखाली रेघ मारा. त्यातून नवा धंदा निघेलच अशी गॅरंटी मी देत नाही. कधी नुसती काउंटरवर ठेवायची एक वस्तू सुचते, कधी दुकानासमोर टाकायचं एक बाकडं.

आणि काहीच सुचलं नाही तरी हरकत नाही. तीन दिवस तुम्ही दोघं भागीदार नव्हता, नवरा-बायको होता. 4,500 रुपयांत एवढंही पुष्कळ आहे.

आज रात्री हिशोब झाला की कॅलेंडर काढा. पुढच्या दोन महिन्यांतला सण-गर्दी नसलेला एक सोमवार शोधा आणि मित्राला विचारा. डब्यातले पहिले 15 रुपये आजच्या गल्ल्यातून टाका.