परगावच्या धर्मादायावर उभं राहिलेलं त्र्यंबक

त्र्यंबकेश्वरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न नावाचा नसतो. मूळ गाव कुठलं, आडनाव काय, एवढंच विचारलं जातं. तेवढ्यावरून तुमच्या कुळाचे तीर्थोपाध्याय कोण ते ठरतं, घरातून लाल कापडात बांधलेल्या वह्या निघतात आणि पणजोबा इथे कधी आले होते, बरोबर कोण होतं, कोणाचं कार्य केलं याची नोंद समोर येते. जुन्या नोंदी मोडीत, खाली यजमानाची सही. मुंबईच्या चाळीत किंवा पुण्याच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला आपलं मूळ गाव इथेच पहिल्यांदा कळतं, असंही होतं.

भाविकाला या वह्या वंशावळीच्या वाटतात. गावाच्या बाजूने पाहिलं तर ते त्र्यंबकचं संबंधांचं खातं आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पाऊस बेसुमार पडतो, पण जमीन उताराची. भात, नागली, वरई यापलीकडे शेतीचं फारसं काही नाही. व्यापारी पेठ म्हणून हे गाव वाढण्याचंही कारण नव्हतं. ते वाढलं ते परगावच्या लोकांनी इथे आणून ठेवलेल्या पैशावर. गावातून फिरताना दगड कोणाचे आणि पैसे कोणाचे हे पाहत गेलं, की देवळापेक्षा वेगळंच एक त्र्यंबक दिसू लागतं.

सुरुवात अर्थात देवळापासूनच. नाशिकहून २८ किलोमीटरवरचं हे ज्योतिर्लिंग. काळ्या पाषाणातलं आजचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. १७५५ ते १७८६ असं एकतीस वर्षं काम चाललं आणि सोळा लाख रुपये लागले, असं सांगितलं जातं. म्हणजे ज्याने संकल्प सोडला त्या नानासाहेबांना कळस पाहायला मिळाला नाही. ते १७६१ मध्येच गेले. मंदिराच्या मागच्या बाजूने थोडं चाललं की कुशावर्त. त्याचं बांधीव कुंड होळकरांचे फडणवीस असलेल्या पारनेरकरांचं. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला देव ज्या रथात बसून कुशावर्तावर जातो, तो ३१ फुटी रथ विंचूरकर सरदारांनी १८६५ मध्ये अर्पण केला.

हे झाले सरदार-दरकदार. मला जास्त ओढ आहे ती ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांची. डोंगरावरची दगडी पायऱ्यांची वाट १९०८ मध्ये झाली ती कराचीच्या शेठ लालचंद जशोदानंद भंभानी आणि शेठ गणेशदास यांच्या ४० हजार रुपयांतून. कुठे सिंधचं बंदर आणि कुठे सह्याद्रीतला हा कडा! पुढे चाळीसेक वर्षांनी कराची परदेशात गेली. पायऱ्या मात्र रोज वापरात आहेत आणि श्रावणात तिसऱ्या सोमवारच्या फेरीला तर आसपासच्या सगळ्या वाटा माणसांनी फुलून जातात.

असा पैसा येत कुठून असे? शेठजींच्या मनात एक दिवस उमाळा आला आणि त्यांनी थैली सोडली, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जुन्या बाजारपेठांत दान हा हिशेबाचा भाग होता. कापसाच्या गाठीमागे, धान्याच्या पोत्यामागे काही आणे-पै ‘धर्मादा’ म्हणून कापले जात आणि त्याचं खातं वेगळं लिहिलं जाई. पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा, घाट या खात्यातून होत. देणाऱ्याला प्रत्येक वेळी उदार व्हावं लागत नसे. चोपडीच ते काम करी.

मुंबईच्या बाजारात हा रिवाज पाळणारे फक्त हिंदू-जैन व्यापारी नव्हते. १८३२ च्या सुमारास बगदादहून बुशेरमार्गे मुंबईला आलेले डेव्हिड ससून यांच्या पेढीतही सौद्यामागे धर्मादायाचा वाटा बाजूला काढला जाई. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान करण्याची ज्यू धर्मातली शिकवण तर त्याहून जुनी. त्यातून भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६१ मध्ये झालं, पुण्याचं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं लाल देऊळ, १८६७ मध्ये. पुण्याच्या ससून रुग्णालयाची गोष्ट सांगायला नकोच. ससूनही नानासाहेबांसारखेच: लाल देऊळ पुरं होण्याआधी, १८६४ मध्ये, पुण्यातच वारले. त्यांची कबर त्याच आवारात आहे.

त्र्यंबकच्या लेखात ज्यू कुठून आले, असं वाचकाला वाटेल. पण परगावच्या दानावर जगणाऱ्या तीर्थक्षेत्राला जोड शोधायची तर ती जेरुसलेमचीच सापडते. एकोणिसाव्या शतकात जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद आणि तिबेरियास या चार पवित्र नगरांतले बरेचसे ज्यू जगभरच्या ज्यूंनी पाठवलेल्या पैशावर राहत. तिथून दूत निघत, देशोदेशीच्या वस्त्यांत जात, वर्गणी गोळा करून नेत. क्षेत्रात राहून धर्माचरण करणाऱ्यांना पोसणं हे दूरच्यांचं कर्तव्य, असा हा व्यवहार. याकोव्ह सापीर नावाचे एक विद्वान जेरुसलेममधल्या हुरवा सिनेगॉगच्या बांधकामासाठी असेच निघाले. येमेन, एडन करत ते मुंबईला आणि कोचीनला आले, पुढे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. त्यांनी लिहिलेलं प्रवासवर्णन आज येमेनी ज्यूंच्या अभ्यासकांना सोन्याच्या मोलाचं वाटतं, वर्गणी किती जमली हे कोणी विचारत नाही.

त्र्यंबकच्या उपाध्यायांना एवढं भटकावं लागलं नाही. यजमानच पितरांच्या ओढीने येत राहिले: नारायण नागबळी, त्रिपिंडी, कालसर्प. हे विधी इथल्या अर्थकारणाचा कणा आहेत. हे बोलायला उपाध्यायांना आवडत नाही आणि ऐकायला यजमानांना, तरी ते खरं आहे.

पुन्हा ज्यूंकडे वळू. महाराष्ट्रातल्या ज्यूंपैकी ससूनांसारखे बगदादी मूठभर. बाकीचे बेने इस्राएल, रायगडच्या किनाऱ्यावरचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’. त्यांनाही गाव आणि आडनाव विचारलं की पुरे: दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर. त्र्यंबकच्या वह्यांत शोभतील अशी ही आडनावं. त्यांच्याकडे ससूनांसारखी थैली नव्हती. तरीही मुंबईतलं पहिलं सिनेगॉग त्यांचंच. कंपनीच्या फौजेतले सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये मांडवीत उभारलं. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दलचा तो नवस होता, असं समाजात सांगतात. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे इथली प्रार्थनालयं मग एकामागून एक झाली. नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा करायचा, एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, नाव घ्यायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला याच एलियाहूच्या टाप्याचं स्थान आहे. इस्रायलला स्थायिक झालेले मराठी ज्यू आजही तिथे येऊन मलिदा करतात.

या समाजाच्या दानाची माझ्या मते सर्वांत भरीव कहाणी शाळेची आहे. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी भावंडांसह १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. समाज लहान, पगार तुटपुंजे, वर्गणीला मर्यादा. तेव्हा लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशन मदतीला आली. पुढे बगदादी वंशाचे, हाँगकाँग-शांघायमध्ये वैभवाला चढलेले सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि माझगावची ती शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. लंडनचा पैसा, चीनच्या किनाऱ्यावरचा पैसा आणि शिकणारी मुलं किहीम-नवगावच्या घरांतली, मराठी बोलणारी. १९१३ मध्ये बेने इस्राएल स्त्रियांनी आपलं स्त्री मंडळ काढलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या कुटुंबांतल्या डॉ. जेरुशा झिराड टाटांच्या निधीतून कर्ज घेऊन लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. पारशी पैसा, ज्यू मुलगी, आणि परतल्यावर ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली त्या बायका सगळ्या जातिधर्मांच्या. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. आज कदूरी शाळेत आणि भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत ज्यू मूल शोधावं लागतं. वर्ग मात्र भरलेले असतात.

म्हाताऱ्या आणि एकट्या राहिलेल्यांसाठी मुंबईत ‘जॉइंट’ काम करते. ही अमेरिकी ज्यूंची मदतसंस्था १९१४ ची. तुर्कस्तानातल्या अमेरिकी राजदूताने न्यूयॉर्कला तार केली, पॅलेस्टाइनमधले ज्यू उपाशी आहेत, पन्नास हजार डॉलर पाठवा. त्यातून ती जन्मली. दुसरी ‘ओआरटी’, १८८० मध्ये रशियात सुरू झालेली, तिचा भर हाताला काम देण्यावर. या दुसरीमागे जुना वाद आहे. जेरुसलेमला येणाऱ्या पैशाने माणसं जगतात पण कामाला लागत नाहीत, वाटपावरून भांडणंही होतात, अशी ओरड तेव्हाच सुरू झाली होती. म्हणून इंग्लंडमधले ज्यू दानशूर सर मोझेस माँटेफिओरे यांनी १८५७ मध्ये तिथे पवनचक्की उभारली आणि न्यू ऑर्लिन्सच्या ज्युडा टूरो यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून तटाबाहेर घरं बांधली. पवनचक्की फारशी चालली नाही. घरांभोवती मात्र शहर वाढलं.

असा वाद त्र्यंबकमध्ये कधी रंगला नाही, आणि तो रंगायला हवा होता असं मला वाटतं. अन्नछत्रं आहेत, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, निवृत्तिनाथांच्या पौष वारीला आलेल्या दिंड्यांना गावोगावची माणसं जेवू घालतात. हे सगळं मोलाचंच. पण दानाचा ओघ मंदिर आणि कुशावर्त यांच्यामधल्या अर्ध्या किलोमीटरात जिरतो. त्याच तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन कोस कोस चालतात, तळ गाठलेल्या विहिरींत उतरतात. ज्या डोंगरातून गोदावरी बंगालच्या उपसागराकडे निघते आणि पलीकडच्या अंगाने वैतरणा मुंबईच्या नळांकडे, त्याच डोंगराच्या कुशीतली ही गोष्ट. कदूरींना शांघायहून माझगाव दिसलं. मंदिरातल्या दानपेटीपाशी उभं राहून पाडा दिसत नाही.

दान कुठून आलं हा प्रश्न तर कोणत्याच धर्मात कोणी लावून धरत नाही. ससूनांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. पेशव्यांच्या खजिन्यात चौथाई होती, खंडण्या होत्या, लुटीही होत्या. रुग्णालयात बरा झालेला रोगी आणि सभामंडपात टेकलेला वारकरी यांना त्याचं काही नसतं. म्हणून हिशेब विचारूच नये असं नाही.

दिलेलं जातं कुठे, याची एक चमत्कारिक कथाही या देवळाला चिकटलेली आहे. देवाचा समजला जाणारा निळसर ‘नासाक’ हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती पडला. लंडनला विकला गेला, तिथल्या एका उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये तो न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे आला. विन्स्टन हे युक्रेनहून आलेल्या गरीब ज्यू जोडप्याचे चिरंजीव. त्यांनी तो नव्याने पैलू पाडून ४३.३८ कॅरटचा केला. त्र्यंबकला तो परत आलेला नाही.

मंदिर आता पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, व्यवस्था देवस्थान ट्रस्टची. रांग टाळायची तर दोनशे रुपयांचं ‘देणगी दर्शन’ आहे. ज्याची पावती आणि वेळ ठरलेली, त्याला देणगी म्हणायला जीभ रेटत नाही, पण फलक तसा आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचा ध्वज चढेल. शैव आखाड्यांचं स्नान इथे कुशावर्तावर, वैष्णवांचं नाशिकच्या रामकुंडावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या रक्तरंजित भांडणानंतर पेशव्यांनी लावून दिलेली ही वाटणी. रस्ते, घाट, वाहनतळ यांचं काम सरकारी पैशातून चाललं आहे. पारनेरकरांच्या कुंडाला एवढी गर्दी मात्र कोणी गृहीत धरली नव्हती.

जायचं तर नाशिकहून एसटी दिवसभर आहेत. देवाचा रत्नजडित मुकुट सोमवारी दुपारी चार ते पाच या वेळात पाहायला ठेवतात. ब्रह्मगिरी पावसाळ्यात निसरडा आणि माकडं धीट. हातात पिशवी नको. वाटेत अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे, दोन हजार वर्षांत महाराष्ट्रात कोणकोणती नाणी हातोहात फिरली ते तिथे पाहता येतं. आणि आपलं मूळ गाव घरी थोरांना आधीच विचारून ठेवावं. वही उघडली की उपाध्याय थांबत नाहीत.