खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा

तुमच्या कॉम्प्युटरच्या आतली टिकटिक सेकंदाला किती वेळा व्हावी? १००, २५०, ३०० की १०००? हा प्रश्न तुम्हाला आजवर कुणी विचारला नसेल. लिनक्स कर्नेल मात्र तो विचारतं. उत्तर देणारी व्यक्ती संगणकशास्त्राची प्राध्यापक आहे की कालच कमांड टाइप करायला शिकलेली विद्यार्थिनी, याची चौकशी न करता विचारतं.

कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वांत आतला भाग. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर आता कुणाची पाळी, डिस्कवर काय कुठे ठेवलंय, कीबोर्डवरचं बटण दाबलं गेलं ते कुणाला कळवायचं, हा सगळा कारभार त्याच्याकडे असतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण असं काही लिहीत असल्याचं जगाला कळवलं, तेव्हा ते जेमतेम दहा हजार ओळींचं होतं. आज त्याच्या सोर्स कोडच्या ओळी तीन कोटींच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते. संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची फाइल दाबून ठेवलेल्या रूपात दीडशे एमबीच्या आसपास भरते. जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ लिनक्सवर चालतो. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळाच्या विरळ हवेत उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं.

महासंगणक, फोन आणि मंगळावरचं हेलिकॉप्टर यांच्या गरजांत काडीचं साम्य नाही. तरी कोडचं घराणं एकच. वेगळी असतात ती प्रश्नांना दिलेली उत्तरं. कर्नेल कंपाइल करण्याआधी, म्हणजे सोर्स कोडपासून मशीनवर चालणारं कर्नेल बनवण्याआधी, त्याला ही उत्तरं द्यावी लागतात. त्यालाच कर्नेल कॉन्फिगर करणं म्हणतात. असे प्रश्न आज पंधरा हजारांहून जास्त आहेत.

या आकड्यापाशी थोडं थांबू. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या साधारण एकावर ऐंशी शून्यं इतकी धरतात. हो किंवा नाही एवढंच उत्तर असलेले आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले प्रश्न घेतले, तर उत्तरांच्या वेगवेगळ्या जुळण्या त्या संख्येच्या पुढे जायला किती प्रश्न लागतात? फक्त २६६. इथे पंधरा हजार आहेत. ते एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे असंख्य जुळण्या बाद होतात. तरीही उरलेल्यांपुढे अणूंची संख्या किरकोळ ठरते. म्हणजे या एका सोर्समधून जेवढी वेगवेगळी कर्नेल घडू शकतात, त्यांतली बहुतेक कुणी कधीही घडवलेली नाहीत आणि घडवणारही नाही. म्हणूनच इंटेलचे चाचणी घेणारे स्वयंचलित प्रोग्राम पासे टाकल्यासारखी कशीही उत्तरं देऊन कर्नेल बनवून पाहतात. जी जुळणी माणसाला सुचणार नाही, तिथे दडलेली चूक अशीच सापडते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आपल्या रोजच्या मशीनऐवजी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे प्रोग्रामने उभा केलेला आभासी संगणक, घ्यावं, निदान सुरुवातीला. सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की एक विलक्षण गोष्ट घडते. प्रश्न विचारणारा प्रोग्रामच अजून अस्तित्वात नसतो. तो आधी तुमच्या डोळ्यांदेखत कंपाइल होतो आणि मग निळ्या पडद्यावर मेन्यू उघडतो. प्रोसेसर, नेटवर्क, ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, सुरक्षा. एकात शिरलं की आत आणखी दहा, त्या दहांत आणखी. ड्रायव्हरच्या मेन्यूत तर दिवस सहज जातो, कारण कर्नेलच्या कोडचा निम्म्याहून मोठा हिस्सा ड्रायव्हरांचाच, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या कोडचाच आहे.

बऱ्याच प्रश्नांना तीन उत्तरं असतात. ‘वाय’ म्हणजे हा भाग कर्नेलमध्येच कायमचा बसव. ‘एन’ म्हणजे नको. आणि ‘एम’ म्हणजे मॉड्यूल: भाग तयार कर, पण वेगळ्या फाइलमध्ये ठेव, लागेल तेव्हा मेमरीत आणू. रोजचा तवा ओट्यावर असतो आणि पुरणयंत्र माळ्यावर. होळीला ते खाली येतं आणि काम झालं की परत वर जातं. तुमच्या उबंटू किंवा फेडोरासारख्या तयार लिनक्समध्ये अशी हजारो मॉड्यूल डिस्कवर पडून असतात, कारण ते बनवणाऱ्यांना तुमच्याकडे कोणतं वायफाय कार्ड असेल हे ठाऊक नसतं. तुम्हाला ते ठाऊक आहे. तुमची खरी ताकद ती हीच.

एक जागा मात्र जपण्याची. ज्या डिस्कवरून मशीन सुरू होणार, ती वाचणारा ड्रायव्हर आणि तिची फाइल सिस्टिम मॉड्यूल म्हणून ठेवली, तर ती मॉड्यूल त्याच डिस्कवर असतात आणि डिस्क वाचता आल्याशिवाय ती मिळत नाहीत. कर्नेल अर्ध्यात थांबतं आणि मूळ फाइल सिस्टिम जोडता आली नाही असं सांगून ‘पॅनिक’ होतं. यावर इनिटरामएफएस हा तोडगा आहे: सुरुवातीला लागणारी मॉड्यूल असलेली छोटी फाइल सिस्टिम बूटलोडर, म्हणजे कर्नेल सुरू करून देणारा प्रोग्रामच, कर्नेलसोबत मेमरीत ठेवतो. नाहीतर सरळ ‘वाय’ म्हणायचं. आणि काहीही झालं तरी बूट मेन्यूतलं जुनं कर्नेल काढायचं नाही. नवं अडलं तर जुन्यावरून पुन्हा उभं राहता येतं.

पण या मेन्यूतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. कोणत्याही प्रश्नावर उभं राहून प्रश्नचिन्हाचं बटण दाबा. मदतीचा मजकूर उघडतो. हा भाग काय करतो, कुणाला लागेल, कुणाला लागणार नाही, आणि पुष्कळदा शेवटी एक छोटं वाक्य: खात्री नसेल तर ‘एन’ म्हणा. कुठे ‘वाय’ म्हणा. ज्याने तो कोड लिहिला, किंवा जो तो सांभाळतो, त्याने आपल्याला कधीही न भेटणाऱ्या, आपल्याइतकी माहिती नसलेल्या माणसाचा विचार करून हे लिहिलेलं असतं. जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी तीस-पस्तीस वर्षांत मिळून घडवलेल्या इतक्या अवघड वस्तूत अजाण माणसासाठी अशी जागा राखलेली असावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

टिकटिकीच्या प्रश्नाचीच मदत उघडून बघा. कर्नेलला ठरावीक अंतराने एक टायमर हटकतो; त्या क्षणी ते कामांची पाळी बदलायची का हे पाहतं. १०० म्हणजे कमी व्यत्यय, बऱ्याच प्रोसेसरांच्या सर्व्हरला सोयीचं. १००० म्हणजे माउस हलवला की चटकन प्रतिसाद हवा असलेल्या डेस्कटॉपसाठी. २५० ही मधली वाट. मग ३०० कशाला? मदतीच्या मजकुरात कारण दिलंय: पॅल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन्ही पद्धतींच्या चित्रवेगाने ३०० ला पूर्ण भाग जातो. पॅलमध्ये सेकंदाला २५ चित्रं, एनटीएससीत साधारण ३०. ३०० ला २५ ने भागलं तर १२, ३० ने भागलं तर १०. २५० ला २५ ने भाग जातो, ३० ने जात नाही. भारतात १९८२ च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते याच पॅल पद्धतीने. तेव्हा घरातल्या टीव्हीवर सेकंदाला जी २५ चित्रं सरकत होती, त्यांचा हिशेब आज व्हिडिओचं काम करणाऱ्याच्या कर्नेलमधल्या एका पर्यायाला कारण पुरवतो. प्रोसेसर रिकामा असेल तर टिकटिक थांबवण्याचीही सोय आहे. तो वेगळा प्रश्न, वेगळ्या मेन्यूतला.

आपल्या लिपीशी संबंध असलेला प्रश्नही इथे सापडतो. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट घराण्यातली फाइल सिस्टिम असते. तिच्यावरची फाइलींची नावं कोणत्या अक्षरसंचात दाखवायची हे कर्नेलला सांगावं लागतं, आणि मुळात धरलेला संच पश्चिम युरोपीय लिप्यांचा आहे. तसाच राहू दिला आणि पेनड्राइव्ह जोडताना वेगळं काही सांगितलं नाही, तर ‘अभंग’ नावाच्या फाइलीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. यूटीएफ-८ कायम चालू ठेवण्याचा पर्याय फाइल सिस्टिमच्या मेन्यूत आहे. मात्र कर्नेलच्या स्वतःच्या मजकुरी पडद्यावर मराठी धड उमटत नाही. तिथल्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात आणि जोडाक्षरं घडवण्याची सोयच नाही. डेस्कटॉपवर आपण मराठी वाचतो ते वरच्या थरातल्या दुसऱ्या प्रोग्रामांच्या जोरावर. ही उणीव मला खटकते.

नवशिक्याला यात कितपत शिरू द्यावं यावर एकेकाळी खडाजंगी झाली आहे. २००० च्या सुमारास एरिक रेमंड या प्रोग्रामरने जुनी प्रश्नपद्धत बदलण्यासाठी पायथन भाषेत नवी रचली. मशीन स्वतःच आपले भाग ओळखेल आणि ‘आँट टिली’ नावाच्या काल्पनिक, तंत्रज्ञान न कळणाऱ्या बाईलासुद्धा आपलं कर्नेल बनवता येईल, असं त्यांचं स्वप्न होतं. कर्नेलच्या मंडळींना ते रुचलं नाही: टिलीबाईंना कर्नेल बनवायचंच कशाला, हा त्यांचा सवाल. रेमंड यांचं काम बाजूला पडलं आणि २००२ मध्ये रोमन झिप्पेल यांनी लिहिलेली केकॉन्फिग ही पद्धत आली; तीच आज चालते. तिच्यात प्रत्येक प्रश्न त्या-त्या कोडच्या शेजारच्या फाइलीत राहतो आणि एका भागाला दुसरा कोणता लागतो हेही तिथेच लिहिलेलं असतं. म्हणून यूएसबीच नको म्हटलं की यूएसबीच्या उपकरणांचे शेकडो प्रश्न आपोआप नाहीसे होतात. रेमंड यांची तपशिलातली मतं काहीही असोत, त्या अनोळखी बाईची बाजू घेऊन ते भांडले हे मला पटतं.

आणि त्यांच्या स्वप्नातला एक तुकडा पुढे खरा झालाच. २००९ मध्ये स्टीव्हन रोस्टेड यांची ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा कर्नेलमध्ये आली. आत्ता तुमच्या मशीनवर कोणती मॉड्यूल चालू आहेत ते ती पाहते आणि बाकीची हजारो उत्तरं ‘नको’ करून टाकते. तासन्तास चालणारं कंपाइल काही मिनिटांवर येऊ शकतं. सुरुवात करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. फक्त ही आज्ञा देण्याआधी प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, ब्लूटूथचा हेडफोन, जे जे लागतं ते सगळं एकदा जोडून ठेवावं. जे जोडलेलं नाही ते तिच्या लेखी नाहीच. दुसऱ्या टोकाला ‘टायनीकॉन्फिग’ आहे: शक्य ते सगळं काढून टाकलेलं कर्नेल. त्यात पडद्यावर एक अक्षर उमटवण्याचीही तजवीज नसते. तिथून एकेक भाग जोडत वर यायचं आणि कशाने काय जिवंत होतं ते बघायचं, हा अभ्यास वेळखाऊ आहे, पण त्याने जे कळतं ते वाचून कळत नाही.

जनरल सेटअपच्या मेन्यूत एक मोकळी चौकट आहे. तिथे जे लिहाल ते कर्नेलच्या आवृत्तीच्या आकड्यामागे जोडलं जातं. मशीन नव्या कर्नेलवर सुरू झालं की ‘यूनेम’ आज्ञेच्या उत्तरात ते दिसतं. आपण घडवलेलंच कर्नेल चालतंय ना, याची खात्री करायची ही सर्वांत सोपी रीत.

तुमची सगळी उत्तरं ‘डॉट कॉन्फिग’ या साध्या मजकुराच्या फाइलीत साठतात. तिची एक प्रत जपून ठेवा. या फाइलीत ‘नाही’ लिहिण्याची तऱ्हा वेगळी आहे: हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ, ‘हा पर्याय निवडलेला नाही’ अशा अर्थाची. एरवी अशा फाइलींत हॅशने सुरू होणाऱ्या ओळीकडे प्रोग्राम ढुंकूनही पाहत नाहीत; इथे मात्र ती वाचली जाते. कारण नकार दिलेला प्रश्न आणि कधी समोरच न आलेला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती येते. तिला तुमची जुनी फाइल देऊन ‘मेक ओल्डकॉन्फिग’ म्हटलं की ज्यांना तुम्ही हो किंवा नाही म्हणालात ते हजारो प्रश्न ती पुन्हा काढत नाही. दरम्यान जे नव्याने आले तेवढेच विचारते आणि त्यांच्यापुढे ‘न्यू’ अशी खूण करते. त्या खुणेपाशी घाईने एंटर मारू नका. प्रश्नचिन्ह टाइप करा आणि मदतीचा मजकूर वाचा.