काटा चढला, पण इंजिन तापलं का?

मामाच्या पंचवीस वर्षं जुन्या गाडीचा काटा खंबाटकी घाटात चढला, तेव्हा सगळ्यांनी घाटालाच बोल लावला. मे महिना, गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि दिवेलागणीची वेळ. एवढं असल्यावर दुसरं कारण शोधायला कोण जातं? मामाने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, कूलंटचा गोडसर वासही नव्हता. तरी काटा लाल रेघेला टेकलेला. थांबत थांबत साताऱ्याला पोचलो.

साताऱ्यात गॅरेजवाल्याने रेडिएटर साफ केला, वॉटर पंप बदलला आणि जाता जाता, ‘आपल्या हवेला हा लागतच नाही’ म्हणत थर्मोस्टॅटच काढून टाकला. दोन दिवसांनी भर दुपारी परत निघालो. काटा शहाण्यासारखा खाली बसलेला. साताऱ्याहून पुण्याकडे येताना घाटाऐवजी बोगदा लागतो. बोगद्यात शिरताना मामाने हेडलाइट लावले आणि काटा तीन सेकंदांत वर गेला. बाहेर पडून दिवे बंद केले, तसा तो खाली आला.

इथे गॅरेजपेक्षा शाळेतलं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. गाडीत साधारण ५ लिटर पाणी आहे असं धरू. ते २० अंशांनी तापवायला ५ × ४.२ × २० म्हणजे ४२० किलोज्यूल उष्णता लागते. ती तीन सेकंदांत द्यायची तर वेग झाला १४० किलोवॅट. मामाच्या गाडीचं इंजिन जीव खाऊन धावलं तरी ३० किलोवॅटच्या आतच राहतं, आणि पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने जेवढी ऊर्जा चाकांकडे जाते तेवढीच पाण्यात जाते. म्हणजे पाणी इतक्या झटपट तापणं शक्यच नव्हतं, आणि त्याच वेगाने थंड होणं तर त्याहून नव्हतं. तापलं होतं ते इंजिन नव्हे. बिघडली होती ती तापाची बातमी.

ही बातमी येते कशी? इंजिनाच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बुडालेला असतो. त्यातल्या पदार्थाचा विद्युतरोध तापमान वाढलं की घटतो. नेहमीच्या बनावटीच्या सेन्सरमध्ये २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. रोध कमी, म्हणून प्रवाह जास्त, म्हणून काटा वर. जुन्या गाड्यांत या सेन्सरला एकच वायर असते. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाचं नि बॉडीचं लोखंड. मामाच्या डॅशबोर्डामागचा अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. हेडलाइट लावले की डॅशबोर्डाचे दिवेही लागत, त्यांचा प्रवाह त्या गंजलेल्या जोडातून वाट काढू लागे, तिथला व्होल्टेज सरके आणि काट्याला वाटे की इंजिन पेटलं.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत याचा एक भाऊबंद भेटतो. तिथे पेट्रोलच्या नि तापमानाच्या काट्यांना एकाच छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज मिळते. तो बिघडून जादा व्होल्टेज देऊ लागला की दोन्ही काटे एकदमच चढतात. टाकी भरल्याचा आनंद आणि इंजिन तापल्याची भीती एकाच वेळी वाट्याला आली, तर दोन्हींवर विश्वास ठेवू नये.

१९१२ च्या सुमारास अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ नावाचं उपकरण आलं. रेडिएटरच्या झाकणावर, गाडीच्या नाकाशी उभा केलेला हा साधा थर्मामीटर. ड्रायव्हर काचेतून त्याच्याकडे बघत गाडी चालवायचा. मधे ना वायर ना स्क्रू. आजच्या गाड्यांतला काटा मात्र संपादकाच्या हातून गेलेला असतो. पाण्याचं तापमान चढामध्ये, सिग्नलला, फॅन सुरू-बंद होताना पाच-दहा अंश इकडेतिकडे होतंच. तेवढ्याने ग्राहक घाबरून शोरूम गाठतो, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी अशी सोय केली आहे की साधारण ८० पासून १०५ अंशांपर्यंत काटा मधोमध गप्प बसेल. काहींनी तर काटाच काढला आणि गार इंजिनाला निळा, तापलेल्याला लाल असे दोन दिवे दिले. माझ्या मते ही ग्राहकाची काळजी नाही, त्याला अंधारात ठेवणं आहे. हळूहळू चढणारं तापमान हीच सर्वांत मोलाची खूण, आणि नेमकी तीच लपवली जाते.

ती परत मिळवता येते. नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ओबीडी सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर लावला की मोबाइलवर पाण्याचं तापमान अंशांत दिसतं. इंजिनाचा संगणक ते ० ते २५५ मधल्या एका आकड्यात पाठवतो आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. भर उन्हात मोबाइल −४० अंश दाखवू लागला, तर गाडी सियाचीनला गेलेली नसते, सेन्सरची वायर तुटलेली असते. दुसरा साक्षीदार म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. कोरोनाकाळात कपाळावर धरलेला तो इथे चालणार नाही, त्याची धाव बेचाळीसेक अंशांपर्यंतच, कारखान्यातला हवा. त्याचाही नेम चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो फार कमी तापमान दाखवतो, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फारशी फेकत नाही. काळ्या रबरी होज पाइपवर धरावा.

आता समजा, तिन्ही साक्षी जुळल्या आणि गाडी खरोखरच तापते आहे. मग जाणता मेकॅनिक पान्याला हात घालण्याआधी विचारतो, कधी तापते? सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला लागताच निवते, तर पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. फॅन, त्याचा रिले, फ्यूज बघा. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक आणि वेगात किंवा चढावर तापत असेल, तर हवा भरपूर आहे, पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरची गत गिझरच्या कॉइलसारखी होते.

चढ इंजिनावर किती भार टाकतो? १,२०० किलोची गाडी खोपोलीहून खंडाळ्याला सुमारे ५०० मीटर वर चढते, तेव्हा नुसतं वजन उचलायला जवळपास ६० लाख ज्यूल लागतात. पंधरा मिनिटांत चढलो तर सुमारे साडेसहा किलोवॅट. तेवढीच जादा उष्णता पाण्यात येते, तीही खालच्या गिअरमध्ये, कमी वेगात, समोरून हवा कमी येत असताना. धडधाकट गाडी हे सहज पेलते. अर्धा बुजलेला रेडिएटर सपाटीवर आपलं दुखणं लपवून ठेवतो आणि घाटात उघडा पडतो.

थंड गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापली, पण रेडिएटरचा खालचा भाग गार, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. सुरू करताच होज दगडासारखा टणक होत असेल, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, पाणी कमी होतंय पण कुठे गळताना दिसत नाही, तर हेड गॅस्केट गेलं असावं. त्याला एक सुंदर चाचणी आहे. टाकीच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावणातून ओढायची. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला असेल तर निळ्याचं पिवळं होतं.

काटा खोटी भीती दाखवतो, तसा खोटा धीरही देतो, आणि ते जास्त धोक्याचं. सगळं पाणी गळून गेलं की सेन्सर उघडा पडतो. तो पाण्याचं तापमान मोजायला बसवलेला. पाणीच नसेल तर भोवतालच्या हवेचं मोजतो, जी धातूपेक्षा बरीच थंड असते. म्हणून चढलेला काटा अचानक घसरला आणि त्याच वेळी हीटरमधून गार वारा येऊ लागला, तर हुश्श न करता इंजिन तिथेच बंद करावं.

आणि झाकण उघडू नये. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि १०० अंशांच्या वरची उष्णता क्षणात पाण्याची वाफ करते. ५ लिटरपैकी जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमच वाफ होईल, पण तिला तीनशे लिटर जागा लागते आणि वाट एकच, आपल्या तोंडाकडची. अर्धा-पाऊण तास थांबणं हाच उपाय.

मामाचा अर्थिंगचा स्क्रू पॉलिश पेपरने घासून परत पिळला, खर्च शून्य. पण काढलेला थर्मोस्टॅट अजून बसवलेला नाही. त्याच्या आतलं मेण ८०-८५ अंशांना वितळून फुगतं आणि तेव्हाच रेडिएटरचा रस्ता उघडतं. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. इंजिन गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल नीट तापत नाही. काही इंजिनांत तर त्याच्यावाचून बायपासची वाट कायम उघडी राहून गरम पाणी तिथूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. मामाची तापत नाही. डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तेव्हा हीटर लावला, तर त्यातून बाहेरच्यापेक्षा किंचित कोमट वारा आला. मागच्या सीटवर मामी शाल गुंडाळून बसली होती आणि काटा तळाला होता, या वेळी अगदी खरा.