अंगठी मोडते, सोनं राहतं

सांगली-साताऱ्याकडे गुरुपुष्यामृताला किंवा दसऱ्याला अनेक घरांत वेढणी घेतात. चोवीस कॅरट सोन्याची तार, तिला वेढे दिलेले, आणि झाली अंगठी. खडा नाही, नक्षी नाही, तारेची टोकंही एकमेकांना जोडलेली नाहीत. ती टोकं मोकळी का, हे कळलं की या साध्या दागिन्याकडे आदरानं बघावंसं वाटतं. टोकं जोडायची तर डाख द्यावा लागतो. डाख अंगठीच्या आधी वितळायला हवा, म्हणून त्यात चांदी, तांबं, जस्त असं काही मिसळावं लागतं. तेवढ्यानंही सोन्याचा कस उतरतो. बिनडाखाची वेढणी मात्र केव्हाही मोडा, सोनं जसं घेतलं तसंच हाती येतं. शिवाय चोवीस कॅरट सोनं इतकं मऊ, की वेढे जरा सैल केले की ती आजीच्या बोटातून काढून नातसुनेच्या बोटात घालता येते.

आता तिच्या शेजारी इटर्निटी बँड ठेवून बघा. या अंगठीत एका मापाचे हिरे पूर्ण गोलाईभर जडवलेले असतात. ज्याला आरंभ नाही आणि शेवट नाही, असं वर्तुळ म्हणजे न संपणारं नातं, हा त्यामागचा भाव. भाव फार जुना आहे. आपलंच शेपूट तोंडात धरलेला साप प्राचीन इजिप्तपासून अनंताची खूण म्हणून येतो, आणि 1839 मध्ये अल्बर्टनं व्हिक्टोरिया राणीला दिलेली वाङ्निश्चयाची अंगठीही पाचू जडवलेल्या सापाचीच होती. आजचा हिऱ्यांचा बँड घरोघरी पोचला तो मात्र 1960 च्या दशकानंतर, आणि त्यामागे बाजाराचं गणित होतं. सैबेरियातल्या याकुतियात हिऱ्यांच्या मोठ्या खाणी सापडल्या. तिथून येणारे हिरे बहुतांशी बारीक होते आणि ते विकत घेण्याचा करार डी बिअर्स कंपनीनं केला होता. एका मोठ्या हिऱ्याची अंगठी विकण्यात मुरलेल्या कंपनीला आता बारीक हिऱ्यांना गिऱ्हाईक हवं होतं. संसाराला काही वर्षं झाल्यावर नवऱ्यानं बायकोला द्यायची अंगठी, असं या बँडचं स्थान ठरलं.

गंमत अशी, की या अनंताच्या अंगठीला माप बदलणं झेपत नाही. चारही बाजूंनी खडे असल्यावर ती कापायची कुठे आणि वाढवायची कुठे? म्हणून पुष्कळ जण अर्धा बँड घेतात. त्यात हिरे वरच्या बाजूला असतात आणि खाली नुसती पट्टी. आणि ज्याच्या जोरावर ही चिरंतनाची भाषा चालते, तो हिरा स्वतः जळतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं 1772 मध्ये भिंगातून ऊन एकवटून हिरा जाळून दाखवला होता. हिरा म्हणजे कार्बन. पुरेसा तापला आणि प्राणवायू मिळाला, की तो वायू होऊन निघून जातो. सोनं त्या आचेत फक्त पातळ होतं.

युरोपात जुन्या अंगठ्यांचे संग्रह आहेत. तिथला जाणकार घडणीवरून काळ सांगतो. खड्याची पाठ बंद असेल तर अठराव्या शतकाच्या आसपासची, प्लॅटिनमची नाजूक जाळी असेल तर विसाव्याच्या सुरुवातीची, कोनाकोनांची भूमिती असेल तर 1920-30 ची. आपल्याकडे शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती नुसती दाबून बसवलेलं कोंदण हे त्या बंद पाठीचंच भावंड, आणि कौशल्यात कणभरही कमी नाही. मग आपल्या घराघरांत दीडदोनशे वर्षांच्या अंगठ्या का सापडत नाहीत? सांगलीत गाडगीळांची पेढी 1832 पासून आहे. तेव्हापासून या भागात किती अंगठ्या घडल्या असतील! त्यातल्या बहुतेक मोडल्या गेल्या. मुलीचं लग्न, विहिरीचं काम, नव्या सुनेच्या बांगड्या, कारण काहीही असो, अंगठी सोनाराच्या मुशीत गेली.

त्या मुशीची कथा सांगली-साताऱ्याहून चांगली कोणी सांगू शकणार नाही. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा पावसानं पाठ फिरवलेला पट्टा. इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. आज केरळ, तामिळनाडूपासून पंजाब, बंगालपर्यंत सराफ बाजारांच्या गल्ल्यांत खानापूर तालुक्यातल्या विट्याकडची मराठी बोलणारी गलाई दुकानं भेटतात.

त्यांचं काम पाहिलं की रसायनशास्त्र डोळ्यांपुढे उभं राहतं. मोडीच्या सोन्यात तांबं आणि चांदी असते. ती काढायची तर आधी चांदी आणखी घालावी लागते! नायट्रिक आम्ल सोन्याला शिवत नाही, चांदी-तांबं विरघळवतं. पण सोन्याचं प्रमाण जास्त असेल, तर ते चांदीला वेढून बसतं आणि आम्ल आत शिरू शकत नाही. म्हणून एकूण वजनात सोनं साधारण चौथाई राहील इतकी चांदी घालून सगळं वितळवायचं, त्याचे बारीक कण करायचे आणि आम्लात उकळायचे. चांदी-तांबं पाण्यासारखं वाहून जातं आणि तळाशी तपकिरीसारखी भुकटी उरते. तिला चमक नसते, कुणाला दाखवली तर माती म्हणून फेकून देईल. ती धुऊन, सवागी म्हणजे टाकणखार टाकून मुशीत 1064 अंशांच्या पुढे तापवली, की पिवळाधमक रस होतो. आम्लातली चांदीही वाया जात नाही. त्यात तांब्याचा पत्रा टाकला की ती पुन्हा चमकत खाली बसते. दुकानातला केर, झाडलेली राखसुद्धा मोलाची, आणि ती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हे याच साखळीतले.

या रसात काय काय मिसळलेलं असेल, याचा विचार केला की मी थक्क होतो. एका ग्रॅम सोन्यात तीनावर एकवीस शून्यं इतके अणू असतात. त्यातले काही थेट रोमहूनही आलेले असतील. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात तक्रार केली होती, की भारताच्या मालापायी रोमचा पैसा दरवर्षी वाहून जातो. त्याच प्लिनीनं असंही नोंदवलंय, की त्याच्या काळी वाग्दत्त वधूला बिनखड्याची लोखंडी अंगठी पाठवत. त्या लोखंडी अंगठ्या गंजून गेल्या. आपल्या किनाऱ्यावर उतरलेलं सोनं मात्र गंजलं नाही. रोमची ती नाणी आटली, अंगठ्या झाल्या, अंगठ्या आटून बांगड्या झाल्या. जगात आजवर खणलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे आणि त्यातलं बहुतेक अजून माणसांच्या हातात फिरतंय. आणि मुळात ते पृथ्वीवर तयारच झालेलं नाही. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी शास्त्रज्ञांनी टिपल्या. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात, याचा भक्कम पुरावा त्या घटनेच्या प्रकाशातून मिळाला.

तरीही घडण गेल्याचं दुःख मला होतं. सोनं पुन्हा मिळतं, पण ज्या हातानं ते कोंदण दाबलं, त्याची लकब पुन्हा मिळत नाही. जानेवारी 1963 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणानं नवे दागिने चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी घातली. असंख्य सोनारांचे हात रिकामे झाले. ही अट काही वर्षांनी सैल झाली, पण त्या मोजक्या वर्षांतली एखादी चौदा कॅरटची अंगठी घरात असेल, तर तिचा हलका कस हाच तिचा इतिहास आहे. सराफ ती कसाला लावून कमी भाव सांगेल आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. मोडायला न्यायच्या आधी तिचं वजन, आतला शिक्का आणि खड्यामागची बाजू वहीत टिपून ठेवा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, घरातल्या थोरल्या बाईला ती कुणी, कुठल्या सोनाराकडून घडवली ते विचारा. आणि तिच्यातलं कोंदण अजून घट्ट असेल, तर मोडीला दुसरं काही न्या.