एका ताटात घाट आणि कोकण

असरची नमाज आटोपली की मोशीतल्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकघरांचे दिवे लागू लागतात. खाली पुणे-नाशिक महामार्गावर चाकणहून सुटलेल्या कंपन्यांच्या बस एकामागे एक उभ्या असतात. त्या बसमधल्या रोजेदाराच्या खिशात दोन खजूर आणि हाताशी पाण्याची बाटली असते, कारण वाहतूक कोंडी मगरिबच्या अजानसाठी थांबत नाही. वर घरात मात्र दस्तरखानाची तयारी जोरात असते. फळे चिरली जातात, भज्यांचे पीठ भिजते, सरबत ढवळले जाते. आणि हल्ली अनेक घरांत या सगळ्याच्या बाजूला पास्त्याचे एक पाकीटही ठेवलेले दिसते.

पास्त्याचा हट्ट अर्थातच मुलांचा असतो. तोही साधा पास्ता नाही, तर मटण आणि कोळंबी दोन्ही घातलेला, दाट पांढऱ्या सॉसमधला. इंग्रजीत या जोडीला 'सर्फ अँड टर्फ' म्हणतात. सर्फ म्हणजे समुद्राची लाट, टर्फ म्हणजे जमिनीवरची हिरवळ. अमेरिकेतल्या हॉटेलांमध्ये 1960 च्या दशकात ही जोडी लोकप्रिय झाली. तिथे ती लॉबस्टर आणि गोमांसाची असते. आपल्याकडे ती मटणाची किंवा चिकनची आणि कोळंबीची होते. इटलीतही 'मारे ए मॉन्ती', म्हणजे 'समुद्र आणि डोंगर' नावाचा पास्ता आहे. त्यात कोळंबीबरोबर बहुतेक वेळा मशरूम असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर घाट आणि कोकण एका ताटात.

मोशीला ही जोडी नवी नाही. 1997 मध्ये महापालिकेत आलेले हे गाव आज कामासाठी आलेल्या माणसांचे गाव झाले आहे. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांनी लातूर-सोलापूरच्या माणसाला रत्नागिरी-रायगडच्या माणसाचा शेजारी केले. काही ठिकाणी व्याहीही केले. असे एक घर डोळ्यांपुढे आणू. नवरा मराठवाड्यातला, बायको कोकणातली, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घरात दादी. रविवारी इफ्तारला चार माणसे यायची आहेत. मुलगी म्हणते, "अम्मी, या वेळी बिर्याणी नको, मी पास्ता करते." आणि पास्ता उकळण्याआधीच चर्चेला उकळी फुटते.

पहिला आक्षेप दादीचा. "अगं, मासे आणि दूध एकत्र? अंगावर पांढरे डाग उठतील." ही समजूत हिंदू घरात जितकी पक्की आहे तितकीच मुस्लिम घरातही. तिचे मूळ जुने आहे. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यात मासे आणि दूध यांची जोडी आहे. आजचे वैद्यकशास्त्र मात्र कोडाचा संबंध या जोडीशी जोडत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने कोड होते आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती असते. बंगालमध्ये दह्यातले मासे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात. पण दादीशी वाद घालून इफ्तार गोड होत नाही. तिच्यासाठी उपाय कोकणातच आहे. कोळंबी दुधाच्या सायीऐवजी नारळाच्या दुधात करायची. सॉस तितकाच दाट होतो आणि दादीचा हातही ताटाकडे वळतो.

दुसरा आक्षेप येणाऱ्या पाहुण्यांपैकी एका चाचांचा असू शकतो. ते कोळंबी खात नाहीत. अनेक हिंदू वाचकांना हे ठाऊक नसते, पण कोळंबीवरून मुस्लिमांमध्येच जुना मतभेद आहे. महाराष्ट्राच्या घाटावरचे बहुतेक मुस्लिम हनफी परंपरेचे. या परंपरेत पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा खाण्यास योग्य मानला जातो. मग कोळंबी मासा आहे की नाही? उलेमांमध्ये दोन्ही मते आहेत. काहींनी तिला मासा मानून परवानगी दिली, काहींनी ती टाळणे बरे असे सांगितले. कोकणी मुस्लिम शाफई परंपरेचे. अरबी समुद्रावरच्या व्यापाराबरोबर ही परंपरा किनाऱ्यावर आली आणि तिच्यात समुद्रातले जवळजवळ सर्वच अन्न चालते. म्हणजे या घरात एकाच छताखाली दोन्ही मते नांदतात. बायको कोळंबीवर वाढली, नवऱ्याने ती लग्नानंतर चाखली, आणि चाचा अजूनही हात लावत नाहीत. यात कुणी चूक नाही. चूक होईल ती एकच: न सांगता सगळे एकत्र कालवून वाढणे.

तिसरा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. मोशी देहू आणि आळंदीच्या मधल्या रस्त्यावरचे गाव. इथे सोसायटीच्या प्रत्येक जिन्यात एखादे माळकरी घर सापडतेच. 2024, 2025 आणि 2026 अशी सलग तीन वर्षे रमजान फाल्गुन महिन्यात आला. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात, पण हिंदू पंचांगात अधिक महिना येतो आणि इस्लामी पंचांगात तो नसतो, म्हणून ही सोबत काही वर्षांनी सुटते. पण या तीन वर्षांत होळी आणि तुकाराम बीज रमजानच्या मध्यावर आली, आणि दोन्ही एकादश्याही रमजानातच. खाली रोजा आणि वर एकादशी, असे दिवस या जिन्यांनी पाहिले. काकू इफ्तारला येतील, बसतील, बोलतील; पण मटण शिजलेल्या पातेल्यातले खाणार नाहीत. त्यांना आग्रह करायचा नसतो, त्यांची सोय करायची असते.

या सगळ्यांचे उत्तर एकच निघते: सॉस एक, पातेली वेगळी.

सामान पाच-सहा माणसांपुरते घ्यावे. 400 ग्रॅम पास्ता, 300 ग्रॅम बिनहाडाचे मटण, सोलून साफ केलेली 250 ग्रॅम कोळंबी, 200 मिलिलीटर फ्रेश क्रीम, एक वाटी नारळाचे घट्ट दूध, 40 ग्रॅम लोणी, दहा-बारा लसूण पाकळ्या, एक कांदा, 50 ग्रॅम किसलेले चीज, मिरपूड, अर्धे लिंबू, कोथिंबीर. काकूंसाठी पावशेर मशरूम. तेही चालत नसतील तर मटार आणि ढोबळी मिरची. त्यांच्याकडे कांदा-लसूण चालतो का, हे आधी विचारून ठेवावे.

परदेशी पाककृतीत दोन गोष्टी अशा असतात की त्या इथे बदलाव्या लागतात. एक म्हणजे पांढरी वाइन. तिचे काम सॉसला आंबटपणा देण्याचे. ते लिंबू करते. दुसरी म्हणजे इटलीचे परमेसान चीज. ते पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. त्यामुळे ते शाकाहारी माणसाला चालत नाही आणि हलालची काळजी घेणाऱ्यालाही शंका येते. पाकिटावर हिरवा ठिपका असलेले चीज घेतले की दोघांचाही प्रश्न एकदम मिटतो. चीज कोळंबीवर मात्र घालू नये. हे दादीचे नाही, इटालियन लोकांचे पथ्य आहे. कोळंबीची नाजूक चव चीजखाली दबते, असे ते मानतात.

रोज्यात स्वयंपाक करणाऱ्याची खरी अडचण चवीची असते. मीठ चाखून बघता येत नाही. म्हणून रमजानात अंदाजाचा स्वयंपाक बाजूला ठेवून मापाचा करावा लागतो, आणि कामाची विभागणी अजानच्या आधी आणि नंतर अशी करावी लागते.

आधीची कामे अशी. मटणाचे बोराएवढे तुकडे आले-लसूण आणि अर्धा चमचा मीठ लावून, अर्धी वाटी पाणी घालून कुकरला लावायचे. एक शिट्टी झाली की मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे. मटण शिजल्यावर राहिलेले अळणी पाणी फेकायचे नाही. सॉसची निम्मी चव त्यातच असते. कोळंबीच्या पाठीला चीर देऊन काळा दोरा काढायचा, चिमूटभर मीठ-हळद लावून ती फ्रिजमध्ये ठेवायची. मोशीपासून समुद्र लांब, त्यामुळे कोळंबी एकतर बर्फात घाट चढून आलेली असते किंवा तळ्यात वाढवून गोठवलेली. गोठवलेली असेल तर ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यातच वितळू द्यावी, ओट्यावर उन्हात नाही. वास अमोनियासारखा तीव्र आला तर ती सरळ टाकून द्यावी.

फाल्गुनात इथे सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो. खजूर, पाणी, फळे यांनी रोजा सुटतो, मगरिबची नमाज होते आणि मग इशा-तरावीहपर्यंत हाताशी तास-दीड तास उरतो. पास्त्याला एवढा वेळ पुरतो. उलट तो आधी करून ठेवला तर गोळा होतो. म्हणून पाणी नमाजनंतरच ठेवायचे: चार लिटर पाण्याला दोन सपाट टेबलस्पून मीठ. पाणी खळखळले की पास्ता टाकायचा आणि पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक मिनिट आधी काढायचा. त्यातले दोन वाट्या पाणी राखून ठेवायचे. त्या पाण्यात उतरलेले पिठूळ स्टार्च लोणी आणि पाणी एकजीव करते, त्यामुळे सॉस फुटत नाही.

पास्ता शिजतो तेवढ्यात तीन कढया. पहिलीत, काकूंच्या, लोण्यावर मशरूम परतून त्यांच्या वाट्याचे क्रीम आणि पास्त्याचे पाणी. ही कढई आधी, धुतलेल्या स्वच्छ डावाने, आणि बाजूला झाकून. दुसरीत कांदा-लसूण परतून मटण, त्याचे अळणी पाणी, मग आच अगदी मंद करून क्रीम आणि चीज. क्रीम जोरात उकळले की फाटते, आणि लिंबूही आचेवर असताना पिळले की फाटते. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर. तिसरीत लोणी, लसूण आणि कोळंबी. दोन्ही बाजूंनी मिळून तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. कोळंबी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळली की झाली. तिचे गोल कडे झाले की ती रबर झाली. मग नारळाचे दूध, मिरपूड आणि उतरवणे. आता अजान होऊन गेलेली आहे, तेव्हा मीठ चाखता येते आणि काही कमी असेल तर ते भरून काढता येते.

पास्ता तिन्हीत वाटला जातो. ज्याला दोन्ही हवे तो मटणाच्या पास्त्यावर कोळंबी घेतो आणि त्याच्या ताटात घाट-कोकण एकत्र येतात. चाचा मटणापाशी थांबतात. दादी नारळाच्या दुधातली कोळंबी घेते. वाढण्याआधी एक प्रश्न प्रत्येकाला विचारायलाच हवा: कोळंबीची ॲलर्जी आहे का? ती असेल तर ओठ सुजण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत त्रास होतो आणि थेट रुग्णालय गाठावे लागते. तिथे श्रद्धेइतकाच कडक नियम शरीराचा असतो. आणि दिवसभर रिकाम्या पोटावर इतके लोणी-क्रीम रोज झेपणारे नाही. महिन्यातून एकदा, थोडे वाढून घेतलेले बरे.

राहता राहिला दादीचा शेवटचा टोमणा: "हे विलायती खाणे रमजानात कशाला?" त्याचे उत्तर तिच्याच फळीवरच्या डब्यात आहे. ईदच्या शिरखुर्म्यासाठी आणलेल्या शेवया आणि पास्ता एकाच घराण्यातले. पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा होतो. आपल्याकडे त्याला बन्सी गहू म्हणतात आणि बन्सी रवा त्याचाच. अरब भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसी सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात होता. त्याने 1154 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे 'इत्रिया' नावाच्या वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनत आणि जहाजे भरभरून मुस्लिम तसेच ख्रिस्ती मुलखांत जात. एक ख्रिस्ती राजा, त्याच्या पदरी मुस्लिम विद्वान, आणि दोघांच्याही मुलखात खाल्ला जाणारा एकच पदार्थ. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट प्रसिद्ध आहे, पण त्याचा जन्म या नोंदीनंतर शंभर वर्षांनी, 1254 मध्ये झाला.

दादी हे ऐकते आणि शेवयांचा डबा जरा आत सरकवून ठेवते. ईदपर्यंत तो उघडायचा नाही. वरच्या काकू निघताना त्यांचा डबा मागतात. होळीला त्यात पुरणपोळ्या आल्या होत्या आणि आपल्याकडे डबा रिकामा परत जात नाही. मुलगी पहिल्या कढईतला उरलेला पास्ता त्यात भरते, झाकण लावते आणि डाव पुन्हा धुऊन जागेवर ठेवते.